“आंके इओ” की “आंके आ मे”? इटालियनमध्ये आवड सांगणं आणि होकार देणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “सहा महिन्यांपासून इटलीत तोरीनोला (इंग्रजीत ट्युरिन) शिकते आहे, ए२ पातळीचा, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पायरीचा, भाषावर्ग चालू आहे. परवा वर्गातली मैत्रीण म्हणाली, ‘मि प्याच्चोनो ले ओलीवे’, म्हणजे मला ऑलिव्ह आवडतात. मी लगेच म्हटलं, ‘आंके इओ’. ती हसून म्हणाली, ‘आंके आ मे!’ फरक काय ते कळलं नाही. पुस्तकातलं इंग्रजी स्पष्टीकरण वाचून गोंधळ वाढतो. आणि कुणाशी सहमत व्हायचं असेल तर ‘सी, सी’ सोडून तोंडातून काही निघत नाही. काय करू?”

तुम्ही केलेली चूक तुमच्या हातून मराठीत कधीच झाली नसती. कुणी म्हणालं, “मला ऑलिव्ह आवडतात”, तर तुम्ही “मीपण” म्हणता का? “मलापण” म्हणता. “आंके इओ” म्हणजे मीपण आणि “आंके आ मे” म्हणजे मलापण. मैत्रिणीने एवढंच दुरुस्त केलं.

मी १८ वर्षं पुण्यात इटालियन शिकवते आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं इंग्रजीतून शिकलेली असतात, त्यामुळे नवी भाषाही ती इंग्रजीच्या दारातून आत आणतात. इंग्रजीत ज्याला आवडतं त्या माणसाला कर्ता करतात आणि आवडीची वस्तू कर्म होते. इटालियनमध्ये उलट आहे: वस्तू कर्ता, आणि माणसाला “ला” लागतो. इंग्रजी पुस्तकं हे पानभर समजावतात, “ती वस्तू मला सुखकारक आहे” अशी ओढूनताणून वाक्यं देतात. मराठी माणसाला त्याची काहीच गरज नाही. “मला समुद्र आवडतो” या वाक्यात समुद्रच कर्ता आहे आणि “आवडतो” समुद्राप्रमाणे चालतो. “मि प्याचे इल मारे” हे वाक्य शब्दाला शब्द तेच आहे. म्हणून पहिला सल्ला: आवडीनिवडीच्या धड्यापुरतं इंग्रजी बाजूला ठेवा आणि थेट मराठीतून इटालियनमध्ये जा.

उच्चाराचं आधी सांगते, कारण इथे अर्थ उच्चारावर अवलंबून आहे. “प्याचे”मधला च हा “चार” आणि “चिमणी”मधला. (“चमचा” आणि “चाक” यांतला च इटालियनला वेगळा लागतो, तो “पित्सा”त सापडतो. दोन्ही च आपल्याकडे आयते आहेत.) अनेकवचनात “प्याच्चोनो” होतं आणि तिथे जोडाक्षरावर खरोखर थांबायचं, “कच्चा” म्हणताना थांबतो तसं. एक वस्तू असेल तर “मि प्याचे”, अनेक असतील तर “मि प्याच्चोनो”: आवडतो, आवडतात. आवडणारी गोष्ट क्रिया असेल तर कायम एकवचन. “मि प्याचे कान्तारे ए बाल्लारे”, मला गायला आणि नाचायला आवडतं. क्रिया दोन असल्या तरी मराठीतही आपण “आवडतं” म्हणतो, “आवडतात” म्हणत नाही. हा नियम मला वर्गात कधी शिकवावा लागलेला नाही, फक्त मराठी वाक्य म्हणून घ्यावं लागतं.

आता जिथे मराठी माणूस खरोखर अडखळतो ती जागा. इटालियन “मि” म्हणजे “मला”. पण कानाला तो “मी” लागतो. डोक्याने कळलेलं असतं, तरी घाईच्या बोलण्यात जीभ त्याला “मी” धरते आणि क्रियापद “मी”ला जुळवायला जाते: “मि प्याच्चो”. हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, फक्त अर्थ “मी स्वतःला आवडते” असा आहे. माझा एक विद्यार्थी मिलानच्या एका कार्यालयात रुजू झाला. दिवाळीत आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंपुढे धरला आणि विचारलं, “ति प्याच्चो?” त्याला विचारायचं होतं, “आवडतात का?” त्याने विचारलं होतं, “मी तुला आवडतो का?” बाई क्षणभर गप्प झाल्या, मग डब्याकडे बघून त्यांना उलगडा झाला. फक्त “नो” राहिला होता, “ति प्याच्चोनो?” हवं होतं. त्या दिवसापासून मी वर्गात “प्याच्चोनो” हा शब्द टाळीवर म्हणून घेते, शेवटचा “नो” गळू नये म्हणून. वजन मात्र पहिल्या अक्षरावर, “प्याच्”वर.

बाकीचे “ला” पटकन: “ति” तुला, “ल्यि” त्याला, “ले” तिला, “चि” आम्हाला किंवा आपल्याला, “वि” तुम्हा सगळ्यांना. आपलं “तुम्हाला” एका आदरणीय माणसालाही चालतं आणि दहा जणांनाही. इटालियनमध्ये या दोन जागा वेगळ्या आहेत. प्राध्यापकांना, दुकानदाराला, मैत्रिणीच्या आजीला विचारताना “ले प्याचे?” आणि घोळक्याला विचारताना “वि प्याचे?” नाव आलं की नावाआधी “आ” लावायचा: “आ मार्को प्याचे इल काल्चो”, मार्कोला फुटबॉल आवडतो. आपला “ला” नावाच्या मागे चिकटतो, त्यांचा “आ” पुढे उभा राहतो, काम एकच. तो गाळलात तर मार्कोच कर्ता वाटायला लागतो आणि वाक्य मोडतं. वस्तूच्या आधीचं “इल”, “ला”, “ले” हेही गाळू नका. मराठीत तसं काही नसल्यामुळे आपण हमखास गाळतो. “मि प्याचे काफ्फे” नाही, “मि प्याचे इल काफ्फे”.

“मि” आणि “आ मे” हे दोन्ही “मला”च आहेत. साध्या विधानात “मि”, जोर द्यायचा असेल किंवा क्रियापद नसेल तिथे “आ मे”. “मला आवडतं” हे “मि प्याचे”, पण “मला आवडतं, त्याला नाही” हे “आ मे प्याचे, आ लुई नो”. लोक बोलताना “आ मे मि प्याचे” असं दुहेरीही म्हणतात, तुम्ही ते ऐकालच. इटालियन शाळेत मुलांना यावरून टोकतात, बोलण्यात मात्र ते जोर देण्यासाठी सर्रास येतं. परीक्षेत लिहू नका, गप्पांत आपोआप आलं तर स्वतःला थांबवूही नका.

भूतकाळ हा माझा सर्वांत आवडता भाग, कारण इथे इंग्रजीतून आलेली मुलं थकतात आणि मराठी मुलं सरसर पुढे जातात. आपण म्हणतो सिनेमा आवडला, भाजी आवडली, आंबे आवडले, पोळ्या आवडल्या. शेवट वस्तूचं लिंग-वचन बघून बदलतो. इटालियनमध्ये तेच: प्याचूतो, प्याचूता, प्याचूती, प्याचूते. तुम्ही तोरीनोत आहात, तर तिथल्याच ताटातली चार वाक्यं घ्या. बिचेरीन, म्हणजे कॉफी, चॉकलेट आणि साय यांचं ते थर दिसणारं पेय, आवडलं असेल तर “मि ए प्याचूतो इल बिचेरीन”. लसूण-अँचोवीची गरम बान्या काउदा आवडली तर “मि ए प्याचूता ला बान्या काउदा”. आन्योलोत्ती, म्हणजे सारण भरलेला पास्ता, आवडले तर “मि सोनो प्याचूती ल्यि आन्योलोत्ती”. नुसत्या अँचोव्या, म्हणजे आच्चूगे, आवडल्या नाहीत तर “नोन मि सोनो प्याचूते ले आच्चूगे”. एकाला “ए”, अनेकांना “सोनो”.

एकच काळजी घ्या: लिंग इटालियन शब्दाचं धरायचं, मराठीचं नाही. आपली कॉफी “ती” आहे, “काफ्फे” पुल्लिंगी आहे, म्हणून “कॉफी आवडली” हे “मि ए प्याचूतो इल काफ्फे”. आपलं घर “ते”, त्यांची “काझा” स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग तिकडे नाहीच, त्यामुळे आपली सगळी “ते” कुठे ना कुठे वाटली जातात. आणि शहरं साधारणपणे स्त्रीलिंगी. नावाच्या शेवटी “ओ” असला तरी “तोरीनो मि ए प्याचूता”. कुणी विचारलं की तोरीनो कसं वाटलं, तर हे वाक्य असं म्हणा, समोरच्याच्या लगेच लक्षात येईल की तुम्ही भाषा मन लावून शिकता आहात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कारण “मलापण”चा नियम जेवढा सोपा वाटतो तेवढ्याने भागत नाही. मराठीत “मला” खूप ठिकाणी येतो. मला भूक लागली, मला ताप आहे, मला माहीत आहे, मला दोन भाऊ आहेत, मला इटालियन येतं, मला हवं आहे. इटालियनमध्ये या सगळ्या ठिकाणी कर्ता “मी” आहे: “ओ फामे”, “ओ ला फेब्रे”, “लो सो”, “ओ दुए फ्रातेल्ली”, “पार्लो इताल्यानो”, “वोल्यो”. म्हणून मैत्रीण म्हणाली “ओ फामे”, तर मराठीत मनात “मलापण” येईल, पण तोंडातून “आंके इओ” यायला हवं. (बोलताना ते जोडून “आंकिओ” होतं.) उलट “मि सेर्वे”, मला लागतं, “मि बास्ता”, मला पुरे, “मि इन्तेरेस्सा”, मला रस आहे, “मि मांका”, मला उणीव भासते, हे आपल्यासारखेच “ला”वाले आहेत, त्यांना “आंके आ मे”.

सगळ्यात फसवं आहे “मला वाटतं”. मराठीत एकच, इटालियनमध्ये दोन. “पेन्सो के…” म्हटलं तर कर्ता मी, “मि सेम्ब्रा के…” म्हटलं तर मला. पहिल्याला उत्तर “आंके इओ”, दुसऱ्याला “आंके आ मे”. आवडीतसुद्धा हेच होतं: “आदोरो इल मारे” म्हणजे समुद्र मला प्रचंड आवडतो, पण “आदोरो”चा कर्ता मी आहे, म्हणून “आंके इओ”. “प्रेफेरिस्को” (मला जास्त आवडतं), “ओद्यो” (मला तिटकारा आहे), “आमो” (माझं प्रेम आहे) हेही त्याच घरातले. त्यामुळे सहमत होताना मराठी अर्थावर जाऊ नका, समोरच्याच्या वाक्यावर कान ठेवा. तो “मि” किंवा “आ मे” म्हणाला आणि क्रियापद “मी”चं नसेल, तर तुम्ही “आ मे”. क्रियापद “मी”चं असेल, म्हणजे बहुधा “ओ”वर संपणारं, तर तुम्ही “इओ”. बोलणं सुरू होतानाच्या त्या छोट्या “मि”ने बरंचसं ठरतं, म्हणून माझ्या मुलांना मी पहिले दोन आठवडे फक्त तो “मि” ऐकायला लावते, उत्तर नंतर.

नकाराला जोडून नकार द्यायचा तर आपण म्हणतो, “मलापण नाही”. याचं शब्दशः “आंके आ मे नो” करण्याचा मोह आपल्याला होतो आणि तिथे चुकतं. इटालियनमध्ये “पण” आणि “नाही” मिळून एकच शब्द आहे, “नेआंके”. “नोन मि प्याचे इल फेगातो”, मला कलेजी आवडत नाही. “नेआंके आ मे.” आणि “नोन फूमो”, मी सिगारेट ओढत नाही. “नेआंके इओ.” मत वेगळं असेल तर एकदम छोटं: तो म्हणाला आवडतं, तुम्हाला नाही, तर “आ मे नो”. तो म्हणाला आवडत नाही, तुम्हाला मात्र आवडतं, तर “आ मे सी”. मला नाही, मला हो. मराठीत आपण “मला आवडतं बुवा” असं काही जोडतो, इटालियनमध्ये एवढ्यावर भागतं आणि उद्धटही वाटत नाही.

किती आवडतं याच्या पायऱ्या आहेत. “मोल्तो” किंवा “तान्तो” खूप, “तान्तिस्सिमो” अतिशय, “आब्बास्तान्त्सा” बऱ्यापैकी, “कोझी कोझी” ठीकठाक. “वादो मात्तो पेर…”, म्हणजे अमुक म्हणजे मला वेड आहे; बाई बोलत असेल तर “मात्ता”. “नोन मि दिस्प्याचे” मात्र नीट लक्षात ठेवा. “मि दिस्प्याचे” म्हणजे मला वाईट वाटतं, माफ करा. त्याला “नोन” लागला आणि विषय एखाद्या वस्तूचा असला की अर्थ “वाईट नाही हं”, म्हणजे बरंच चांगलं आहे. तोंडभर कौतुक न करणाऱ्या माणसाकडून हे आलं तर ती पावती समजा. आणि “सिनेमा कसा वाटला?” याला कुणी नुसतं “इन्सोम्मा…” म्हटलं, तर फारसा आवडलेला नाही.

नावडीचं जपून. मी शिकायला पेरूजात होते तेव्हा एका घरी राहत असे. पहिल्याच रविवारी घरमालकीणबाईंनी कोंबडीच्या कलेजीचं वाटण लावलेले पावाचे भाजलेले तुकडे पुढे केले. मी शाकाहारी. मला येणारं एकच वाक्य मी वापरलं: “नोन मि प्याचे.” बाईंचा चेहरा उतरला. मी चवही न घेता त्यांच्या हाताला नाव ठेवलं होतं. आपल्याकडे पंगतीत कुणी “मला हे आवडत नाही” म्हटलं तर कसं वाटेल, तेच. मला म्हणायचं होतं “नोन मांजो कार्ने, ग्रात्सिए”, मी मांस खात नाही. मी दुसऱ्या दिवशी ते वाक्य पाठ करून त्यांना जाऊन सांगितलं, आणि पुढच्या रविवारी माझ्यापुरते टोमॅटोचे तुकडे वेगळे ठेवलेले होते. पोट भरलं असेल तर “बास्ता कोझी, ग्रात्सिए” किंवा “सोनो आ पोस्तो”. “मि फा स्कीफो”, म्हणजे किळस येते, हे तरुणांच्या तोंडी फार ऐकू येतं, पण वाढलेल्या ताटासमोर कधीच नाही.

माणसांबद्दल बोलताना “प्याचेरे”, म्हणजे आवडणं, हे क्रियापद थोडं जपून वापरायचं. “मि प्याची”, तू मला आवडतोस, यात ओढ आहे, मराठीतही आहेच. नुसतं “चांगला आहे स्वभावाने, पटतं आमचं” म्हणायचं असेल तर “मि ए सिम्पातिको”, मुलीबद्दल “सिम्पातिका”. आई, भाऊ, जिवाभावाची मैत्रीण यांना “ति वोल्यो बेने”. प्रियकर-प्रेयसीला, नवरा-बायकोला “ति आमो”. आईला “ति आमो” म्हणू नका. “ति वोल्यो बेने” हे कमी प्रतीचं प्रेम नाही, आपल्या “जीव आहे माझा तुझ्यावर” या वाक्यातली सगळी माया त्यात आहे.

“आवडेल”साठी “मि प्याचेरेब्बे”: “मि प्याचेरेब्बे आन्दारे इन सिचील्या”, मला सिसिलीला जायला आवडेल. पण कॉफी मागताना हे नको, तिथे “वोर्रेई उन काफ्फे” किंवा नुसतं “उन काफ्फे, पेर फावोरे”. आणि आवड नाही, आत्ताची इच्छा विचारायची असेल तर “ति वा?” हे शिकाच. “ति वा उन जेलातो?” आईस्क्रीम खावंसं वाटतंय का? “नोन मि वा”, नकोसं वाटतंय. आपलं “खावंसं वाटणं” हे इंग्रजीत नीट बसत नाही, इटालियनमध्ये चपखल बसतं.

याच “वा”ने आपल्याला होकाराकडे नेलं आहे. “वा” म्हणजे जातो, जाते. “वा बेने” म्हणजे ठीक आहे, शब्दशः “बरं जातं”. आपण काय म्हणतो? “चालेल.” त्यांचं जातं, आपलं चालतं. “उद्या सातला भेटू?” “वा बेने.” “पेर मे वा बेने”, मला चालेल. “सी, सी”मधून सुटायला पहिला शब्द हाच घ्या. बेत, वेळ, किंमत पटली की “वा बेने” किंवा “दाक्कोर्दो”.

“सी”ला वाईट म्हणत नाही मी. १४व्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने आसपासच्या भाषा “हो”साठीच्या शब्दावरून वेगळ्या केल्या होत्या, ओक म्हणणाऱ्यांची, ओईल म्हणणाऱ्यांची आणि सी म्हणणाऱ्यांची. इटालियनची ओळखच “सी” अशी होती. पण मत पटल्याचं सांगायला तो एकटा पुरत नाही. “सी, सी” दोनदा घाईने म्हटलं तर “बरं बरं, कळलं” असा कंटाळाही त्यात ऐकू येतो.

मत पटलं की “सोनो दाक्कोर्दो”. बाई असो की बुवा, “दाक्कोर्दो” बदलत नाही, बदलतं ते पुढचं: “स्यामो दाक्कोर्दो”, आम्ही सहमत आहोत. कुणाशी हे सांगायला “कोन ते”, आदराने “कोन लेई”. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे “आई राजोने”, तुझं बरोबर आहे. आदराने “आ राजोने”. इंग्रजीवरून आलेली मुलं इथे “सेई जुस्तो” म्हणतात, त्याचा अर्थ “तू न्यायी आहेस” असा होतो. आपल्याला “तुझं बरोबर” ही षष्ठी आयती आहे, “आई”मध्येही “तुझ्याकडे आहे” हाच भाव आहे. नुसतं “जुस्तो!” मात्र चालतं: बरोबर! “एझात्तो!” म्हणजे अगदी! “ए वेरो” म्हणजे खरंय. “आप्पुन्तो” म्हणजे तेच तर म्हणतेय मी.

“इन्फात्ती”वर थोडं थांबते, कारण बोलण्यात तो सतत येतो आणि इंग्रजीतल्या जवळच्या दिसणाऱ्या शब्दामुळे आपण त्याचा अर्थ उलटा लावतो. तो “खरं तर” असा मुद्दा खोडायला येत नाही, दुजोरा द्यायला येतो. “फा कालदो ओज्जी”, आज उकडतंय. “इन्फात्ती”, हो ना. खोडायचं असेल तर “इन रेआल्ता”. तुम्ही हसतमुखाने “इन्फात्ती” म्हणून पुढे विरुद्ध मत मांडलंत, तर समोरचा गोंधळेल.

जोरदार होकाराला “एक्कोमे!” ठेवा. “ति प्याचे?” “एक्कोमे!” आवडतं का म्हणजे काय, विचारताय काय! आणि “मागारी”. ऐकायला आपल्या “माघारी”सारखा, अर्थ दुसराच. “या उन्हाळ्यात सिसिलीला जाणार?” “मागारी!” हा होकार नाही, तसं झालं तर सोन्याहून पिवळं, असा उसासा आहे. वाक्याच्या मध्ये आला तर नुसता “कदाचित”: “मागारी दोमानी”, कदाचित उद्या.

“तसं वाटतं” याला “पेन्सो कोझी” करू नका, “पेन्सो दि सी” म्हणा, म्हणजे हो वाटतं; “पेन्सो दि नो”, नाही वाटत. न पटलं तर “नोन सोनो दाक्कोर्दो” बरोबर आहे, पण मैत्रिणींमध्ये “सी, पेरो…”, हो, पण…, किंवा “दीची?”, असं म्हणतेस?, हे मऊ पडतं. “दीची?” एका शब्दात शंका घेतो आणि पुढे बोलायला जागाही ठेवतो, म्हणून मला तो फार आवडतो.

दोन सवयी मोडाव्या लागतील. “नोन ति प्याचे?”, तुला आवडत नाही का, असं विचारल्यावर आपण “हो, नाही आवडत” म्हणतो. तिथे नुसतं “सी” ऐकू गेलं की समोरचा समजतो, आवडतं, आणि पुन्हा वाढतो. “नो, नोन मि प्याचे” किंवा “सी, सी, मि प्याचे” असं पूर्ण म्हणा. दुसरी सवय मानेची. आपण “हो, हो” म्हणून मान दोन्ही बाजूंना डोलावतो, ती त्यांना “नाही” किंवा “बघू” वाटते. होकाराला मान वर-खाली, एवढं ठरवून करा. दक्षिण इटलीत गेलात तर तिथे मान किंचित मागे टाकून जिभेने “च्च” केलं की “नाही”. तो “च्च” आपल्याकडेही नकाराचाच आहे, त्यामुळे तो तुम्हाला लगेच कळेल. आणि जेवण फक्कड झालं असेल तर तर्जनी गालाला टेकवून फिरवा. स्वयंपाक केलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

सरावाला तुमच्या शहरातच उत्तम जागा आहे, पोर्ता पालात्सोचा बाजार. शनिवारी सकाळी जा. चीज आणि ऑलिव्हच्या गाड्यांपाशी विक्रेते हातावर चव देतात आणि म्हणतात, “आस्साज्जी!”, चाखून बघा. मग चीजचा तुकडा असेल तर “ले प्याचे?”, ऑलिव्ह असतील तर “ले प्याच्चोनो?” विचारतात. कान त्या “नो”वर ठेवा आणि उत्तर देताना तेच क्रियापद परत द्या: “सी, मि प्याच्चोनो मोल्तो.” शेजारी उभी असलेली कुणी आजी “आंके आ मे” म्हणालीच, तर तुमच्या मैत्रिणीने त्या दिवशी काय दुरुस्त केलं होतं ते तिच्या तोंडून पुन्हा ऐकू येईल.